अठरा दारं पाहुण्यांची

"चार वाजता उठव हं मला. विसरू नकोस."

हा बाबांचा आवाज. याला आता एक्कावन्न वर्षं झाली. मधल्या खोलीत सतरंजीवर पडून, डोळ्यांवर हात आडवा टाकून ते आईला हे म्हणाले, आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. त्यांच्या घोरण्याच्या शेवटी किटली तापल्यासारखी बारीक शिट्टी वाजायची. मी सात वर्षांची होते, आणि मला नुकतंच घड्याळ वाचता यायला लागलं होतं.

मी प्रवासाच्या कचेरीत काम करते. पहिल्यांदाच जहाजाने जाणाऱ्या लोकांना काय न्यायचं, काय टाळायचं ते सांगते. सव्वीस वर्षांत हजारो माणसांच्या हातात मी एक तीन घड्यांचं माहितीपत्रक दिलं आहे. औषधं, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. मळमळलं तर खाली जाऊन पडू नका. वर या, आणि आकाश पाण्याला टेकतं तिथे नजर ठेवा. बंदरावर उतरलात तर परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने धरा, गावच्या नाही. जहाज कुणासाठी थांबत नाही. आणि पहिल्याच दिवशी आपल्या केबिनपासून जिन्यापर्यंतची दारं मोजून ठेवा, डोळ्यांनी नाही, भिंतीला तळवा लावून हाताने. दिवे गेले, धूर झाला, की डोळे आंधळे होतात. हाताला मात्र आठवतं.

यातलं एकही वाक्य माझं नाही. सगळी बाबांची. मी स्वतः जहाजावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. कचेरीतले चिडवायचे, हिला स्वतःला पोहता येत नाही आणि ही गावाला पोहायला शिकवते.

हाताने दारं मोजायचं ते वाक्य मी आता पत्रकातून काढलं आहे.

बाबा जहाजावर केबिनवाले होते. पाहुण्यांच्या खोल्या आवरायच्या, पलंगावरच्या चादरी ताणायच्या, रात्री दाराला अडकवलेली कार्डं गोळा करायची आणि ज्याने जी वेळ लिहिली असेल त्या वेळेला दार वाजवून त्याला उठवायचं. खालच्या मजल्यावर डाव्या अंगाची अठरा दारं त्यांच्याकडे होती. एकोणिसावं दार चादरींच्या खोलीचं. जिन्याला लागून एक चिंचोळी जागा, दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर धुतलेल्या कापडाचे गठ्ठे. दुपारी सगळे पाहुणे वर उन्हात गेले की बाबा तिथे तासभर आडवे व्हायचे. घरी आले की मला मांडीवर घेऊन माझा तळवा भिंतीवर फिरवत म्हणायचे:

अठरा दारं पाहुण्यांची, एकोणिसावं माझं,
ऊन कलता हाक मारा, झोपेचं मज ओझं.

आठ महिने ते पाण्यावर असायचे. त्यांचं जहाज आमच्या गावच्या बंदराला वर्षातून दोनदा लागायचं, तेही चार-सहा तासांपुरतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाबा येण्याजाण्याच्या वेळा लिहून ठेवत. आकड्याखाली टिंब दिलं की ती जहाजाची वेळ, टिंब नसलं की घरची. जहाज कधी एक तास पुढे असायचं, कधी दोन. आई स्वयंपाक करताना मध्येच कॅलेंडरकडे बघून विचारायची, "टिंबाचे आठ की बिनटिंबाचे?" आमच्या घरात हा प्रश्न मिठासारखा रोजचा होता.

त्या दिवशी ते दुपारी बाराला आले. जेवले. मला रुमालाचा उंदीर करून दिला, तो मनगटावरून उड्या मारायचा. मग झोपले. त्यांना साडेचारला घर सोडायचं होतं, आणि आईने सकाळीच टिंबाची बेरीज-वजाबाकी करून ती वेळ दोनदा तपासली होती. आई त्यांच्या शेजारी कुशीवर पडली. मी खिडकीच्या कट्ट्यावर उंदराशी खेळत घड्याळाकडे बघत होते. मोठा काटा बारावर आला, छोटा चारवर. मी जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "आई, चार वाजले."

आईचे डोळे मिटलेले होते. ती हलली नाही. बाबांची शिट्टी वाजत होती.

मी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मोठा काटा कुठला आणि छोटा कुठला, माझा नेहमी गोंधळ व्हायचा. उलटं धरलं तर बारा वाजून वीस मिनिटं होत होती. मला वाटलं, आपलंच चुकलं. मी उंदीर घेऊन अंगणात गेले.

पाच वाजून गेल्यावर बाबा धावत निघाले, शर्टाची बटणं वाटेत लावत. त्यांनी आईकडे वळून पाहिलं की नाही, मला आठवत नाही. त्यांच्या पायातल्या बुटांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला, एवढंच आठवतं.

बंदराच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं, गडी शिडी चढताना मी पाहिला, शिडी उचलतच होते. जहाजावरच्यांनी कळवलं, तो वर आलाच नाही. पण जहाजावर एक पद्धत होती. प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला फळ्यावरच्या खिळ्याला असायचा. उतरताना तो घेऊन जायचा, परत आल्यावर अडकवायचा. बाबांचा बिल्ला, एकशे बेचाळीस नंबर, खिळ्यावर परत आलेला होता. बिल्ला आहे म्हणजे माणूस हजर. जहाज तीन दिवस धुंडाळलं. माणूस नव्हता. पण हजेरीपटावर 'गैरहजर' लिहायलाही कुणाचा हात होईना.

त्यामुळे बाबा गेले, असं आम्हाला कधी म्हणता आलं नाही. आई "ते आले की" म्हणत राहिली, "ते असते तर"पर्यंत कधी पोहोचलीच नाही. आत्या दर भेटीत तिला टोचायची, डोळा लागलाच कसा गं तुझा? आई खाली बघून एकच शब्द म्हणायची, "लागला." आणि मी दुसऱ्या खोलीत पुस्तक उघडं धरून बसायची. मला वाटायचं, त्या दिवशी जरा मोठ्याने हाक मारली असती तर. मी हे कुणाला सांगितलं नाही. मी चारदा तपासल्याशिवाय कुठलीही वेळ सांगत नाही, याचं कचेरीत सगळ्यांना हसू येतं. त्यांनाही मी कारण सांगितलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात कचेरीत एक कागद आला. एक जुनं प्रवासी जहाज पाच दिवसांच्या शेवटच्या फेरीवर निघणार होतं. मग ते मोडीत जाणार होतं. त्याचं नाव तीनदा बदललं होतं, रंग दोनदा. पण खालच्या मजल्याचा नकाशा मी ओळखला, डाव्या अंगाला ओळीने अठरा दारं आणि शेवटी जिना.

घरी आईला सांगितलं. ती आता ऐंशीची आहे. शेंगा सोलत होती. बराच वेळ सोलत राहिली.

"खालच्या मजल्यावर जागा मिळेल?" तिने विचारलं.

"आई, तिथे आता काही नसेल."

"मी कुठे काही म्हटलं? जागा मिळेल का, एवढंच विचारलं."

डाव्या अंगाची, जिन्यापासून सगळ्यात लांबची केबिन मिळाली. आमच्या केबिनवाल्याने पहिल्या संध्याकाळी पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता. चाळिशीचा, हसरा माणूस. आईने त्याचं नाव 'घडीवाले' ठेवून टाकलं आणि त्यालाही ते आवडलं. तो आईला आजी म्हणायचा, मला ताई. निघाल्यावर तासाभरात भोंग्यावरून सूचना झाली, सर्व प्रवाशांनी आपली घड्याळं एक तास पुढे करावीत. मी केलं. आईने मनगट मागे घेतलं.

"माझ्या हातावर घरच राहू दे," ती म्हणाली. "नाहीतर तू मला रात्रीचं जेवण दुपारी वाढशील."

ती झोपल्यावर मी कॉरिडॉरमध्ये गेले. आपणच छापलेली सूचना आपण पाळायला नको? भिंतीला तळवा लावला आणि डोळे मिटून चालायला लागले. आमचं दार एक. मग गुळगुळीत भिंत, मग चौकटीची कड, लाकूड, कड. दोन. पायाखाली यंत्राचा कंप होता, मांजर पोटातून गुरगुरावं तसा. सतरा. अठरा. मग भिंत. मग चौकटीची कड, लाकूड, कड. एकोणीस. मग जिन्याचा कठडा.

डोळे उघडले. अठराव्या दारानंतर जिन्यापर्यंत सलग भिंत होती, फिकट पिवळा कागद चिकटवलेली, त्यावर एका बोटीचं चित्र. मी परत जाऊन डोळ्यांनी मोजलं. अठरा. मोजण्यात चूक करणं हा माझा जुना धंदाच आहे असं स्वतःला सांगून मी झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडे ठेवून भिंतीवर हात फिरवला. कागद सपाट होता, कुठे शिवण नाही. डोळे मिटले. कड, लाकूड, कड. लाकूड जरा उबदार.

घडीवाले चादरी बदलायला आले तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं. हो, म्हणाले ते, पूर्वी तिथे कापडाची खोली होती म्हणतात. मी नोकरीला लागायच्या आधीच बंद केली. आतल्या फळ्या काढून सगळी पाइपांनी भरली आहे, गेल्या वर्षी दुरुस्तीला भिंत उघडली तेव्हा मी पाहिलंय, उंदीर शिरायला जागा नाही. मग त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि आवाज बारीक केला. त्यांचा एक वैताग होता. रोज दुपारी जेवणानंतर त्या भिंतीपाशी गालिच्यावर एक कार्ड पडलेलं असायचं. उठवण्याचं कार्ड, जुन्या काळचं, वर दोरा ओवलेलं. आता हे काम फोनवर होतं. पूर्वी अशी कार्डं वापरायचे, हे त्यांनी फक्त ऐकलं होतं. खोलीचा नंबर नाही, नाव नाही. फक्त वेळ.

"पोरांचा उद्योग असणार," घडीवाले म्हणाले. "मीही आता गंमत म्हणून रोज चार वाजता भिंत वाजवतो. म्हणतो, साहेब, चार वाजले."

"मग?"

"मग काय ताई, भिंत उठते होय?"

ते हसले. पण उशीला अभ्रा घालताना त्यांनी तो दोनदा उलटा घातला.

आई त्या वेळी खुर्चीत बसून त्यांच्या हातांकडे बघत होती. घडीवाल्यांनी टॉवेलचा हत्ती केला. आईने पिशवीतून रुमाल काढला, दोन कोपरे जुळवले, गुंडाळला, ओढला, आणि मनगटावरून उंदीर उडवला. एक्कावन्न वर्षांत मी तिला तो करताना पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी वरच्या दालनात गेलो. तिथे काचेच्या पेटीत जहाजाच्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या. कंदील, होकायंत्र, पदार्थांच्या पिवळ्या पडलेल्या याद्या, आणि खिळे ठोकलेला एक लाकडी फळा. बरेचसे खिळे मोकळे होते. आईने काचेवर बोट ठेवलं आणि ओळीओळीने सरकवत नेलं. बोट थांबलं. एकशे बेचाळीस. बाकीचे बिल्ले काळे पडले होते. हा रोज शर्टाला घासल्यासारखा चकचकीत होता.

"हजर आहेत," आई म्हणाली, कुणाची तब्येत सांगावी तितक्या साधेपणाने, आणि चहाला चल म्हणाली.

परतताना मी मुद्दाम तिच्या पुढे चालले. भिंतीपाशी गालिच्यावर ते कार्ड होतं. मी वाकून उचललं आणि पिशवीत टाकलं. केबिनमध्ये, आई तोंड धुवायला गेल्यावर, काढून पाहिलं. जाड कागद, कडा मऊ झालेल्या. 'मला ... वाजता उठवा.' मोकळ्या जागेत शाईने चारचा आकडा, शेपूट जरा लांबवलेला. मी तो आकडा ओळखला. लहानपणी रोज कॅलेंडरवर पाहिला होता.

मी तिला ते दाखवलं नाही. ऐंशी वर्षांचं हृदय, खाली समुद्र, डॉक्टर एकच. आणि खरं सांगायचं तर, दाखवलं असतं तर मला त्या दुपारचं माझंही बोलावं लागलं असतं.

पण औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, असं मीच लोकांना सांगते. चौथ्या दिवशी, म्हणजे जहाजावरच्या शेवटच्या पूर्ण दिवशी, जेवणानंतर आईने गोळीसाठी माझी पिशवी उघडली. मी आरशासमोर होते. आरशातच मला ती दिसली. कार्ड हातात धरून तिने आकड्याखाली अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, धूळ पुसावी तसा.

"टिंब नाही," ती म्हणाली.

मी वळले नाही.

"तो बिचारा जहाजाच्या चारला उठवतोय," आई म्हणाली. "हे घरचे चार आहेत."

तिने केस विंचरले. ठेवणीतली साडी काढली, निऱ्या मला धरायला लावल्या. जहाजाच्या घड्याळात चार वाजले तेव्हा आम्ही पलंगावर शेजारी शेजारी बसलो होतो. बाहेर घडीवाल्यांची टकटक ऐकू आली, भिंतीवर, तीनदा. मग त्यांची पावलं घाईने वर गेली. वर निरोपाचा चहा होता, वाद्यं वाजत होती, सगळे प्रवासी कठड्याला टेकून मावळतीकडे जाणारं ऊन बघत असतील. उद्या सकाळी बंदर, आणि मग हे जहाज कापायला नेणार.

"आई, नको जाऊया," मी म्हटलं.

"तू नको येऊस हवं तर." मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "पण ये."

जहाजाचे पाच व्हायला दहा मिनिटं असताना आम्ही निघालो. आईने डावा तळवा भिंतीला लावला. डोळे मिटले. तिला हे कुणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती. ती अगदी हळू चालत होती आणि ओठांत पुटपुटत होती, अठरा दारं पाहुण्यांची. एकेका दारापाशी जरा थांबत होती, जणू आतल्या पाहुण्याची झोपमोड नको.

अठरा.

तिचा हात पिवळ्या कागदावरून सरकला आणि थांबला. मीही माझा तळवा तिच्या शेजारी ठेवला. डोळे मिटले.

कड. लाकूड. ऊब. धुतलेल्या चादरींचा वास.

आणि आतून घोरणं.

दमलेल्या माणसाचं, शांत, खोल. प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी.

मी डोळे उघडले. भिंत होती. बोटीचं चित्र होतं. शिट्टी थांबली नाही.

आईचं मनगट माझ्या चेहऱ्यासमोर होतं. मोठा काटा बारावर. छोटा चारवर. या खेपेला मी काटे उलटे धरून पाहिले नाहीत.

"आई," मी म्हटलं, "चार वाजले."

"हो," ती म्हणाली. "तेव्हाही वाजले होते."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेलेच होते, त्या दुपारसारखे.

"तू बरोबर वाचलं होतंस, बाळ. मी ऐकलं. माझा डोळा लागला नव्हता. म्हटलं, आणखी एक तास. एकच तास."

आतलं घोरणं थांबलं.

तिने अजून हाक मारलीच नव्हती. आत कुणीतरी श्वास रोखून ऐकत होतं.

आईने पदर खांद्यावरून नीट घेतला. भिंतीला तोंड लावलं, आणि झोपलेल्या माणसाशी बोलतात त्या हलक्या आवाजात म्हणाली,

"अहो, उठा. चार वाजले."